कृष्णविवर कुणाला ओढतं, कुणाला नाही



एरवी या वेळेला आपण गटाचं रजिस्टर, बँकेचा हप्ता, शेळ्यांची लस असं बोलत असतो. आजचा विषय वेगळा आहे आणि तो तुम्हीच दिला आहे. बैठक संपली की कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "ताई, हे काळं भोक पृथ्वीला गिळणार म्हणतात, खरं का?" असले व्हिडिओ गावोगाव फिरतायत. लहान मुलं ते बघून घाबरतात आणि खरं सांगायचं तर मोठ्या बायकाही घाबरतात. म्हणून आम्ही समन्वयक बायकांनी ठरवलं की यावर नीट वाचायचं, समजून घ्यायचं आणि मग रेडिओवर बोलायचं.

आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. पण वजन आणि अंतर आपल्या सगळ्यांना कळतं, आणि हा विषय त्या दोन गोष्टींवरच उभा आहे.

नावात भोक, आत माल

इंग्रजीतला शब्द ब्लॅक होल, मराठीत कृष्णविवर. कृष्ण म्हणजे काळं आणि विवर म्हणजे भोक किंवा खड्डा. अर्धा घोटाळा या नावानेच होतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर तुम्ही ऐकलं असेल. आकाशातून दगड आदळून पडलेला तो खरोखरचा खड्डा आहे. कृष्णविवरात असा रिकामा खड्डा नसतो. तिथे अफाट माल अगदी थोड्या जागेत दाबून भरलेला असतो.

कापसाचं उदाहरण घ्या. वेचणीचा कापूस घरात टाकला तर खोली भरते. तोच जिनिंगमध्ये दाबला की त्याच्या गाठी होतात. वजन तेवढंच राहतं, जागा कमी लागते. आता विचार करा, अशी दाबत दाबत आपली सगळी पृथ्वी एका बोराएवढी केली तर? तिचं कृष्णविवर होईल. सूर्य दाबायचा म्हटला तर तो सहा किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात बसवावा लागेल. घाबरू नका, पृथ्वीला किंवा सूर्याला असं दाबणारं कुणी नाही. किती दाबावं लागतं ते कळावं म्हणून हे सांगितलं.

एवढं दाबल्यावर होतं काय? दगड वर फेकला की तो खाली येतो, कारण पृथ्वी त्याला ओढते. जोरात फेकला तर जास्त उंच जातो. सेकंदाला ११.२ किलोमीटर इतक्या वेगाने फेकला तर तो परत येतच नाही, पृथ्वीच्या ओढीतून सुटतो. चंद्राकडे किंवा मंगळाकडे यान पाठवताना हाच हिशेब करावा लागतो. जगात सगळ्यात वेगवान गोष्ट म्हणजे प्रकाश. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. कृष्णविवराजवळ एक हद्द असते. तिच्या आतून सुटायला प्रकाशाचा वेगसुद्धा पुरत नाही. प्रकाश बाहेर येत नाही म्हणून ते काळं दिसतं. या हद्दीला शास्त्रज्ञ घटना-क्षितिज म्हणतात. आपण उंबरठा म्हणू. उंबरठ्याच्या आत गेलेलं परत येत नाही. उंबरठ्याच्या बाहेर आहे ते बाहेर राहू शकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ते तयार कसं होतं

तारा म्हणजे पेटलेल्या वायूचा प्रचंड गोळा. त्याचं स्वतःचं वजन त्याला आतल्या बाजूला दाबत असतं आणि पोटातली आग त्याला बाहेर फुगवत असते. तव्यावरची भाकरी आतल्या वाफेने टम्म फुगते आणि वाफ निघून गेली की बसते, तसंच. ताऱ्याच्या पोटातलं जळण संपलं की फुगवणारा जोर जातो आणि तारा आत बसायला लागतो.

कुठवर बसेल, ते त्याच्या वजनावर ठरतं. हा हिशेब सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय मुलाने १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शिकायला इंग्लंडला जाताना बोटीवर मांडला. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा सूर्याच्या साधारण १.४ पटींपर्यंत असेल तर तो एका टप्प्यावर थांबतो आणि हळूहळू निवत जातो. त्याहून जड असेल तर तो तिथे थांबू शकत नाही. तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पुढे १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपला सूर्य हलक्यांतला आहे. त्याचं कृष्णविवर कधीच होणार नाही. सूर्याच्या वीसपट किंवा त्याहून जड तारे मात्र आयुष्याच्या शेवटी बहुधा मोठ्या स्फोटाने फुटतात, आणि त्यातल्या कित्येकांचा गाभा आत कोसळत कोसळत कृष्णविवर होतो.

किती प्रकारची असतात

घरात आपण किलोने मोजतो. आकाशात वजन मोजायचं माप आहे 'एक सूर्य'. त्या मापाने कृष्णविवरांचे प्रकार पाडले आहेत.

पहिला प्रकार ताऱ्यापासून झालेल्यांचा. ही साधारण तीन सूर्यांपासून शंभरेक सूर्यांपर्यंत भरतात. हंस नावाच्या तारकासमूहात असं एक आहे. त्याचं वजन सुमारे २१ सूर्य आहे आणि एक मोठा तारा साडेपाच-सहा दिवसांत त्याच्याभोवती एक फेरी मारतो. आजवर सापडलेल्यांत आपल्या सगळ्यात जवळचं कृष्णविवरही याच प्रकारचं आहे. ते २०२२ मध्ये सापडलं आणि दहाएक सूर्यांचं आहे. सगळ्यात जवळचं म्हणजे किती जवळ? सुमारे १,५६० प्रकाशवर्षं. सूर्याचा प्रकाश आपल्या अंगणात पोचायला आठ मिनिटं लागतात. तिथून निघालेला प्रकाश इथे यायला दीड हजार वर्षांहून जास्त लागतात. आज पोचणारा प्रकाश शिवाजी महाराजांच्याही हजार वर्षं आधी निघालेला आहे.

दुसरा प्रकार मधल्या वजनाचा, शंभर सूर्यांपासून लाखभर सूर्यांपर्यंत. ही फार थोडी सापडली आहेत. २१ मे २०१९ रोजी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची खूण मिळाली. त्यातून झालेलं नवीन कृष्णविवर सुमारे १४२ सूर्यांचं होतं. छोट्यांपासून मोठी कशी होत असतील, याचा धागा या मधल्यांत मिळेल म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या शोधात असतात.

तिसरा प्रकार महाकाय. लाखो सूर्यांपासून अब्जावधी सूर्यांपर्यंत. जवळपास प्रत्येक मोठ्या आकाशगंगेच्या मधोमध असं एक बसलेलं असतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी आहे ते सुमारे ४३ लाख सूर्यांचं. एम ८७ नावाच्या दूरच्या आकाशगंगेतलं तर साडेसहाशे कोटी सूर्यांचं आहे. त्याचं चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलं. काळ्या ठिपक्याभोवती केशरी कडं, ते तुम्हीही मोबाइलवर पाहिलं असेल. आपल्या आकाशगंगेतल्याचं चित्र १२ मे २०२२ रोजी आलं.

चौथा प्रकार सध्या कागदावरच आहे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला, तारे जन्मायच्या आधी, काही कृष्णविवरं झाली असावीत असं गणित सांगतं. त्यांना आद्य कृष्णविवरं म्हणतात. अजून एकही सापडलेलं नाही.

वजनाशिवाय आणखी एक भेद आहे. काही स्वतःभोवती गरगर फिरतात, काही फिरत नाहीत. न फिरणाऱ्याचं गणित १९१६ मध्ये झालं, फिरणाऱ्याचं १९६३ मध्ये. प्रत्यक्षात बहुतेक फिरणारीच असणार, कारण ज्या ताऱ्यांपासून ती झाली ते तारे फिरतच असतात.

गिळण्याची गोष्ट

आता मुख्य प्रश्न. कृष्णविवर सगळं ओढून घेतं का?

समजा सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं. पृथ्वी त्यात पडेल का? नाही. ती आत्ता फिरते तशीच त्याच वाटेने वर्षाला एक फेरी मारत राहील. ऊन नसेल, अंधार पडेल, सगळं गोठेल, ते खरं. पण ओढ तेवढीच राहील, कारण वजन तेवढंच आहे आणि अंतरही तेवढंच आहे. कृष्णविवराकडे ओढायची काही वेगळी जादू नसते.

ओढ अंतराने झपाट्याने कमी होते. चुलीपाशी बसलं तर धग लागते, दारात गेलं तर नुसती ऊब. ओढीचंही तसंच आहे. अंतर दुप्पट केलं की ओढ पावपट उरते. दसपट केलं की शंभरावा हिस्सा.

जवळ गेलेल्याचं मात्र काही खरं नसतं. ताऱ्यापासून झालेल्या छोट्या कृष्णविवराकडे माणूस पायांनी खाली पडत गेला, तर पायांना बसणारी ओढ डोक्याच्या ओढीपेक्षा इतकी जास्त असते की तो लांब लांब होत जातो, शेवयांसारखा. महाकाय कृष्णविवराच्या उंबरठ्यावर हा फरक उलट कमी असतो, कारण तो उंबरठाच मध्यापासून खूप दूर असतो.

आणि आसपास आलेलं सगळंच आत जातं असंही नाही. भुजंगधारी या तारकासमूहाच्या दिशेला, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, आकाशगंगांचा एक मोठा समूह आहे. तिथल्या महाकाय कृष्णविवराने कधीकाळी इतक्या जोराने ऊर्जा बाहेर फेकली की भोवतालच्या तप्त वायूत पोकळी पडली. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा एका रांगेत मावतील एवढी मोठी. हा शोध २०२० मध्ये जाहीर झाला. त्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीचाही वाटा होता. नारायणगावच्या बाजूला गेलेल्यांनी त्या पांढऱ्या जाळीदार ताटल्या पाहिल्या असतील. एकेक ताटली ४५ मीटर रुंद आहे आणि अशा तीस आहेत.

दिसत नाही, मग कळलं कसं

खळ्यावर मळणी करताना मधोमध तिवडा रोवायचे आणि त्याच्याभोवती बैल फिरायचे. अंधारात तो मधला खांब दिसला नाही तरी बैलांच्या फेरीवरून तो कुठे आहे ते कळतं. आकाशगंगेच्या मधोमधही असंच झालं. तिथे काही तारे रिकाम्या दिसणाऱ्या जागेभोवती भराभर फिरतात. त्यातला एक तारा १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. वर्षानुवर्षं त्यांच्या फेऱ्या मोजून मधल्या न दिसणाऱ्या वस्तूचं वजन काढलं, ते ४३ लाख सूर्य भरलं. हे काम जर्मनीच्या राइनहार्ड गेंझेल आणि अमेरिकेच्या अँड्रिया गेझ यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी केलं. दोघांना २०२० चं नोबेल मिळालं. अँड्रिया गेझ या पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेल्या जगातल्या चौथ्याच महिला.

दुसरी खूण उष्णतेची. गिरणीतून दळण आणलं की पीठ गरम लागतं, कारण दोन दगडांत घासून ते तापलेलं असतं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू भोवती चकरा मारताना एकमेकांवर घासतो, लाखो अंशांपर्यंत तापतो आणि चमकतो. उंबरठ्याच्या बाहेरचा हा उजेड दुर्बिणींना दिसतो. एम ८७ च्या चित्रातलं केशरी कडं म्हणजे असाच तापलेला वायू.

तिसरी खूण सगळ्यात नाजूक. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत मिसळतात तेव्हा विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तशा लाटा उठतात. या लाटा पाण्यात उठत नाहीत, खुद्द अवकाशात उठतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो नावाच्या दोन यंत्रांना अशी लहर पहिल्यांदा सापडली. ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं मिसळून ६२ सूर्यांचं एक झालं होतं. बेरीज करून बघा, ६५ व्हायला हवे होते. तीन सूर्य कमी पडले. तेवढं वजन लहरी होऊन विश्वभर पसरलं. १३० कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून ती लहर इथे आली, तेव्हा चार किलोमीटर लांब यंत्र जितकं हललं ते अणूच्या गाभ्यातल्या एका कणाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी होतं.

एवढीशी हालचाल बाकी गोंगाटातून वेगळी काढायची म्हणजे सुपात घेऊन पाखडण्यासारखंच काम. ते करायच्या पद्धती शोधणाऱ्यांत पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आघाडीवर होते. ही संस्था जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभी केली. नारळीकरांनी १९७४ मध्ये एका विज्ञानकथा स्पर्धेत टोपणनावाने मराठी कथा पाठवली होती आणि तिला बक्षीसही मिळालं. त्या कथेचं नावच 'कृष्णविवर' होतं.

औंढ्याला काय होतंय

परळीचा वैजनाथ आपला. परभणी ओलांडून पुढे गेलं की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ. दर्शनाला तुमच्यातल्या कित्येक जणी जातात. त्याच औंढ्याजवळ भारताचं लायगो उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करायचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. आतली हवा काढून घेतलेली. त्यातून लेझरचा झोत जाणार आणि आरशावर आपटून परत येणार. लहर आली की एक बाजू किंचित लांब होते, दुसरी आखूड होते, आणि तो फरक झोतात कळतो.

अमेरिकेत दोन आहेत, मग इथे कशाला? डोंगरात कुणी हाक मारली तर एकट्याला दिशा नक्की कळत नाही. दूर दूर उभ्या असलेल्या तीन-चार जणांनी ऐकली आणि कुणाला आधी, कुणाला नंतर ऐकू आली ते जुळवलं, की जागा सापडते. अमेरिका, इटली आणि जपान यांच्यापासून लांब असलेला आपला कान या कामी फार उपयोगाचा आहे.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. असं यंत्र चालवायला फक्त प्रोफेसर लागत नाहीत. स्टीलच्या नळ्यांचं वेल्डिंग, वीज, थंड हवेची यंत्रं, पंप, कॉम्प्युटर, हे सगळं बघणारी माणसं लागतात. आज सातवी-आठवीत असलेली आपली मुलगी दहावीनंतर सायन्सला किंवा आयटीआयला गेली, तर अशा ठिकाणी काम करायचा विचार ती करू शकते. दहावी झाली की लग्न उरकायची घाई आपल्या जिल्ह्यात किती आहे ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. स्थळ बघण्याआधी एकदा तिला औंढ्याचं सांगा.

मूळ नक्षत्राचा हिशेब

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोडीच्या फडावर पहाटे पाचला उठलात तर आग्नेयेला आकाशात विंचू दिसतो. लाल तारा त्याच्या छातीत आणि शेपटीचा आकडा खाली वळलेला. जुलैत ढग नसतील तर रात्री दहाच्या सुमाराला तोच दक्षिणेला दिसतो. त्याची नांगी म्हणजे आपलं मूळ नक्षत्र. त्या नांगीच्या जवळच, धनु राशीच्या हद्दीत, आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे आणि तिथे ते ४३ लाख सूर्यांचं कृष्णविवर आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, पण त्या बाजूला आकाशगंगेचा दुधाळ पट्टा जास्त दाट दिसतो.

मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला जड, असं म्हणत आपल्याकडे स्थळं मोडतात. बायका वर्षानुवर्षं हे ऐकत आल्या आहेत. आता आपण शिकलेला हिशेब लावा. त्या दिशेला आपल्या आकाशगंगेतली सगळ्यात वजनदार वस्तू बसली आहे. ती आपल्यापासून २६ हजार प्रकाशवर्षांहून जास्त लांब आहे. एवढ्या अंतरावरून तिच्या ओढीने आपल्या अंगणातलं वाळलेलं पानसुद्धा हलत नाही. मग त्या बाजूचे चार तारे पाळण्यातल्या पोरीला हाताशी धरून तिच्या सासऱ्याला काय करणार?

तेव्हा पृथ्वी गिळली जाणार असा व्हिडिओ पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. वजन किती आणि अंतर किती? मुलांनाही हेच विचारायला शिकवा. आणि घरात एखादी पोर आकाशाकडे बघून प्रश्न विचारत असेल, तर उत्तर येत नाही म्हणून तिला गप्प करू नका. तिचा प्रश्न गटाच्या बैठकीत आणा, शाळेतल्या सरांना विचारा, आमच्याकडे पाठवा.

पुढच्या भागात आपण पुन्हा गटाच्या हिशेबाकडे येऊ. तोवर नमस्कार.